शेवटची खेप

— व्हय, तीच ती डॉक्टरीणबाई. भिऊ नको गं माय, टेकून बस. गाल लई सुजलाय तुझा. लवंग दाबली असंल, मिसरी बी लावली असंल — लावली ना? म्या बी तेच केलं, आन् आत नुसतं कुजत गेलं. आता ऐक. दाढंच्या मुळातली नस काढायची म्हणली ना तुला? आधी हिरडीत सुई देती. मुंगी चावल्यावाणी — नाय, खोटं कशाला सांगू, गांधीलमाशी म्हण. मग गाल बधिर. मग बारीक-बारीक सुयांनी आतलं किडकं ओढून काढती, औषध भरती, वरून कच्चं सिमेंट लावती, आन् म्हणती परत ये. बधिर गाल चावू नको. आन् ठणका थांबला म्हणून घरी बसू नको, बाया तिथंच चुकतात. नस काढलेली दाढ ठिसूळ व्हती, वर टोपी नाय घातली तर भाकरीनं बी फुटती.

मला? मला लई खेपा झाल्या. मधी नामांतराचा बंद, बजाजनगरातून एक गाडी निघंना. मग कर्फ्यू. आन् एकदा — एकदा म्याच सिमेंट काडीनं कोरून काढलं. बघती काय अशी? बाईला सांगितलं, ऊस खाताना पडलं.

माझा बद्रीनाथ इथंच राहतो ना, औरंगपुऱ्यात, खोली करून. विद्यापीठात शिकतो. दोस्तासंगं नामांतराच्या मोर्चात चालला, भावकीतल्या कुणीतरी बघितलं — झालं! आमच्या ह्यांनी सांगितलं, या पोराचं नाव घरात काढायचं नाय. आता वाळूजला कंपनीत हायेत, पण मेंढरामागं जन्म गेलेला माणूस, एकदा बोलला की बोलला. मला एकटीला शहरात कशाला धाडतील? दाढंसाठी तेवढं धाडतेत. मग खाली जिन्यापाशी उभा असतो माझा लेक. तोंड बधिर, मला बोलता येत नाय — तोच आपला बोलतो, म्या भाकरी देते आन् बघत राहते. वाळलाय लई. दोघांच्या मधी उभं राहून थकले गं मी.

आज टोपी बसवणार. मग संपलं.

सुगंधाबाई — व्हय, म्याच. आले, आले! थांब, पदर सावरू दे. उजवीकडची दाढ बी ठणकती म्हणून सांगते बाईला. नाय गं, धड हाय ती, कणीस सोलती अजून... तू काय ऐकलं नाय. तू तुझा गाल सांभाळ.