रविवारपुरती शांती

बाळाला लस टोचून घ्यायला ती दवाखान्यात ताटकळत बसली होती. शेजारच्या बाकावर नवराबायकोची जुंपली होती.

"अहो, तुमचा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर ऑपरेशन होऊन पडलाय आणि तुम्ही इथे बाक उबवताय!"

"आमचं बोलणं नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मग दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत त्याचा हात धरून 'शांती असो' म्हणता, ते काय?"

"ते म्हणावंच लागतं. सगळेच म्हणतात."

"धन्य आहे तुमची! मग वर जाऊन तेवढंच म्हणून या."

तो उठला, जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

"म्हणेन गं. पण त्यानं पुढे काही विचारलं तर?"

"तर तोंड उघडून उत्तर द्या! तिथे लगेच पुढची प्रार्थना सुरू करायला फादर नसतील."