चौथऱ्यावरची लाल गाडी

इंदापूर रस्त्याला आमच्या कॉलेजच्या गेटावर ती लाल रेसची गाडी ठेवलीय, बघितली असंल तुमी. ती जन्मात एकदाच पळाली, आन् तवा आत मी बसलो होतो.

गाडी आमी पोरांनी बनवली. इंजिन मोटारसायकलचं, पण आमच्या विभागाच्या सरांच्या हट्टापायी, जोर वाढवायला, त्याला ट्रकचा टर्बो बसवला. मी म्हणालो, "सर, एवढ्याशा इंजिनला हा लई मोठा हाय. पाय दाबला तरी जोर उशिरा येतो, आन् आला की एकदम येतो."

सर म्हणाले, "गाडी बघायला पाहुणे मंडपात बसलेत. पळव."

पाय दाबला, तर गाडी म्हशीगत चालली. पाहुणे हसायला लागले, म्हणून मी अजून दाबला. नेमकी वळणावर टर्बोला जाग आली, आन् गाडी मंडप फाडून थेट उसात. माझं मनगट मोडलं. सरांनी अहवालात लिहिलं, 'चालकाची चूक'. टीममधनं माझं नाव काढलं.

इतक्या वर्षांनी परवा कॉलेजची बस दुरुस्त करायला गेलो होतो. घाम पुसत त्या गाडीला जरा टेकलो, तर पालकांना कॉलेज दाखवत असलेले सर ओरडले, "ए मिस्त्री, हात काढ! ही बनवणारी मुलं आज जर्मनीत आहेत."

त्या पालकांतल्या पणदऱ्याच्या एका आबांनी मलाच विचारलं, "व्हय रं? हितं शिकलं की जर्मनीला जात्यात?"

मी म्हणालो, "समदी न्हाय जात, आबा. एखादं बस दुरुस्तीला हितंच ठेवत्यात."

सगळ्यात मोठ्यानं सरच हसले.