मंगळवार, नऊ सतरा

(मानवत. दुपारचे तीन. सामसूम घरात प्लगच्या बटणाचा ‘टक’ असा आवाज होतो.)

बजरंग : आता तीस आकडे मोजा, मग बटण चालू करा. घाई करू नका, ताई. राऊटर म्हणजे झोपलेलं म्हातारं माणूस. लगीच उठवलं की चिडतंय.

भक्ती : मी मोजू? एक, दोन, तीन, चार, सात...

निवेदिता : पाच-सहा कुठे गेले, भक्ती?

भक्ती : ते आपोआप होतेत.

निवेदिता : बजरंगभाऊ, चार वाजता माझी मुलाखत आहे. व्हिडिओवर. सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा आहे. मुलाखत घेणारे पुण्यात बसलेत, ते माझ्यासाठी थांबणार नाहीत.

बजरंग : तास हाय की अजून. चारठाण्याला एका म्हातारीनं राऊटरवर कुरडया वाळत घातल्या व्हत्या. गरम ऱ्हातंय म्हणली.

भक्ती : वाळल्या का?

बजरंग : कुरडया लय झकास वाळल्या. राऊटर गेला.

निवेदिता : झाले तीस. चालू केला. हिरवा दिवा आला... दुसराही आला.

बजरंग : आता फोनवर बघा.

निवेदिता : तेच. वायफायला जोडलाय म्हणतंय, पण एक पान उघडत नाही. तीन-चार दिवस असंच चाललंय.

भक्ती : माझ्या टॅबवर तर अस्वल नाचायलंय.

बजरंग : बघू? अरे, हे तर पळायलंय! म्हणजे लाईन ठीक हाय. ताई, टॅबवरूनच का देत न्हाई मुलाखत?

निवेदिता : कॅमेरा फुटलाय त्याचा. हिनं त्यावर खलबत्ता ठेवला होता. आणि मोबाईलच्या नेटचं म्हणाल, तर या घरात रेंजची एकच कांडी येते. गच्चीवर जाऊन पाहिलं. तिथंही आवाज तुटतो.

बजरंग : मग राऊटरच्या आत जाऊन बघावं लागंल. मागं चिकटवलेल्या चिठ्ठीवर पासवर्ड हाय, वाचा बरं... हां... चुकीचा म्हणतंय. परत वाचा... न्हाई. एकदा अजून... घ्या! आता म्हणतंय, अर्धा तास थांबा.

निवेदिता : अर्धा तास?

बजरंग : आतलं कुलूप बदललंय कोणीतरी. दिवाळीत मी बसवला तव्हा हेच चालत व्हतं. महारुद्ररावांनी बदललं असंल. पासवर्ड विसरलो म्हणून सांगितलं की ओटीपी येतो, पर तो तुमच्या मालकाच्याच फोनवर जातो. पाठवलाय. लावा त्यांना फोन.

निवेदिता : हॅलो, ऐका ना. तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील... हो, राऊटरचे... बजरंगभाऊ आलेत... मीच बोलावलं. नाही, बाकी सगळं चालतंय, माझाच फोन नाही चालत... रविवारी? अहो, आज चारला आहे ना माझं... सांगितलं होतं की सोमवारी... हो, जेवली ती... बरं... बरं. ठेवते.

भक्ती : पप्पा काय म्हणले?

निवेदिता : ऑफिसात गडबड आहे म्हणाले. रविवारी स्वतः बघतो. तोवर राऊटरला कुणी हात लावू नका.

बजरंग : आँ? न बघताच? थांबा जरा. कंपनीच्या ॲपमधनं मला बाहेरून दिसतंय. बदलता येत न्हाई, पर दिसतंय. हा टीव्ही, चालू. हा टॅब, चालू. महारुद्ररावांचा फोन, त्यालाबी मुभा हाय. आन हा एक...

निवेदिता : काय?

बजरंग : काय न्हाई. सर्वरचं काहीतरी असंल.

निवेदिता : बजरंगभाऊ, वाचून दाखवा.

बजरंग : ‘भक्तीची आई. थांबवलेला.’

भक्ती : भक्ती म्हणजे मी!

निवेदिता : असा आपोआप थांबतो का फोन?

बजरंग : न्हाई, ताई. ॲपमध्ये जाऊन नावावर बोट ठेवावं लागतंय. मग ते विचारतंय, नक्की का? मग ‘हो’वर बोट ठेवावं लागतंय.

निवेदिता : कधीचं आहे?

बजरंग : मंगळवार. सकाळी नऊ सतरा.

निवेदिता : नऊच्या गाडीनं जातात ते परभणीला. बसायला जागा मिळाली असेल.

बजरंग : चुकून बी दबतंय कधी कधी.

निवेदिता : दोनदा?

बजरंग : दोनदा चुकून न्हाई दबत, ताई.

निवेदिता : सोमवारी रात्री जेवताना मुलाखतीचं सांगितलं मी. ‘बघू’ म्हणाले. भाजी परत मागून घेतली. मला वाटलं, चला, झालं. किती वाजले?

बजरंग : तीन पंचवीस. एक वाट हाय. ह्याच्या मागं बारीक भोक हाय. त्यात पिन घालून दहा आकडे मोजेस्तोवर दाबून धरलं की आतलं सगळं पुसतंय. कुलूप, यादी, समदं. मग लाईनीचा नंबर टाकून मी नव्यानं जोडून देतो. पंधरा मिंटाचं काम.

निवेदिता : मग करा की.

बजरंग : महारुद्ररावांच्या फोनवर लगीच निरोप जाईल, राऊटर पुसला म्हणून. मी दाबलो तर उद्या ते माझ्या दुकानात येतेल. जोडून द्यायचं माझ्याकडं लागलं, ताई. पिन तेवढी तुमी घाला.

निवेदिता : भक्ती, माझ्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून दे.

भक्ती : टोचंल.

निवेदिता : नाही टोचत. दे. आणि आता मोज. एकही आकडा सोडायचा नाही.

भक्ती : एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा. आई, दिवे गेले सगळे!

बजरंग : येतेल, येतेल. पुसायला दहा आकडे, उठायला दोन मिंटं... आले बघा. आता वायफायचं नाव काय टाकू?

निवेदिता : निवेदिता.

बजरंग : पासवर्ड तुमीच टाका, मी तिकडं तोंड करतो... झालं? आन ओटीपीसाठी नंबर? महारुद्ररावांचाच ठेवू का?

निवेदिता : माझा लिहा.

बजरंग : बघा, ताई. बिल त्यांच्याच नावावर ऱ्हाईल, त्यात बदल न्हाई. पर कुलपाची किल्ली मग तुमच्या फोनवर.

निवेदिता : लिहा.

बजरंग : लिहिला. तीन बेचाळीस. उघडा बरं काहीतरी.

निवेदिता : उघडलं. शाळेची लिंकही उघडली. ‘आपली पाळी चार वाजता’ म्हणतंय.

भक्ती : आई, तुझा फोन वाजायलाय. पप्पांचा फोटो आलाय.

निवेदिता : वाजू दे. मुलाखत झाली की बोलते.

बजरंग : मी निघतो, ताई. चहा पुढच्या टायमाला. सावकाश बोला त्या पुण्याच्या लोकांशी, दबायचं न्हाई.

निवेदिता : या, भाऊ. भक्ती, कडी लाव आणि टॅब घेऊन आतल्या खोलीत बस. मला अजून केस विंचरायचेत.

भक्ती : अस्वल लागत नाही. पासवर्ड मागायलंय.

निवेदिता : आण इकडे. हं. लागलं बघ.

भक्ती : पप्पा आल्यावर त्यांच्या फोनला पण मागंल?

निवेदिता : मागेल.

भक्ती : मग तू देणार का त्यांना?