घंटागाडीमागून आलेले भाऊसाहेब

आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या दारात कचरा आणून टाकायचा, ही कुठली रीत? दार उघडते तर उंबऱ्यावर फाटकी पिशवी, आणि पिशवीमागं बसलेलं एक कुत्रं... पांढरं, केसाळ, गळ्यात लाल पट्टा, आणि तोंड असं की जसं काय मी आता त्याला पोचपावती देणारे! हाड म्हणलं, हललं नाय. झाडू दाखवला, तर झाडूचा वास घेतला. मी मुकुंदवाडीत मेसला भाकऱ्या करून देणारी बाई, आत तवा तापलेला... मला काय करायचंय हो कुत्र्याशी?

पण तुम्हाला सांगते, त्यानं खाल्लंच नाय काही! गरम भाकरी, दुधात कुस्करून, माझ्या सासूला कवा दिली नाय अशी... तोंड फिरवलं. "अय येड्या, खा की रं!" म्हणलं तर कानसुद्धा हलंना. नुसतं दाराकडं बघत पडायचं. आमचे मालक, रामकिसन, खाटेवरनं म्हणतात कसे, "मरंल ते. असली कुत्री घरच्या माणसाबिगर जगत नाय." झालं! अन् मरायचंच होतं तर दुसरं दार नव्हतं का गावात? मला काय करायचंय!

मग दोन-तीन दिवस न फिरकलेली घंटागाडी एका सकाळी आली. गाणं वाजलं मात्र, आणि ते निपचित पडलेलं कुत्रं टणकन उठलं! माझा कचऱ्याचा डबा दातात धरला आणि दारात जाऊन उभं, मान ताठ, जसं काय झेंडावंदन चाललंय. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला... अगं बया, ह्याच्या घरी कचरा हेच टाकतंय! गाडी थांबली नसंल, तर पिशवी घेऊन पळत आलंय मागं मागं!

गाडीवर कडुबा. म्हणलं, "कडुबा, आमच्याआधी कुठं जातो रं तू?"

"सिडकोत, बंगल्यांकडं. पण मधी मी रजेवर होतो, बदलीवाला होता मावशी, माझ्यावर काय आणू नका."

"मग चल माघारी."

"क्या मावशी! तिकडचा कचरा झाला माझा. आणि गाडीत सवारी दिसली तर साहेब नोकरी खाईल!"

"साहेबाला भाकरी खायला माझ्याकडं पाठव," म्हणलं, आणि चढले पुढं, कुत्रं मांडीवर. "आणि गाणं बंद करू नको. मी काय घरोघर कड्या वाजवत फिरू? ह्या गाण्याला आख्खी कॉलनी बाहेर येती, आरतीला येत नाय तेवढी!"

आली ना! बाया डबे घेऊन पळतायत... "अगंबाई, आज दुसऱ्यांदा?" एकीनं तर माझ्या मांडीवरच डबा ठेवला, "मावशी, ओला वेगळा केलाय हं!" म्हणलं, बाई, मी कचरा नेत नाय, कुत्रं देते! दुसरी लगेच, "अय्या, आमचाच आहे हा!" नाव काय? "टॉमी." कुत्रं ढिम्म. "नाही नाही, मोती!" ढिम्म. "थांबा हं, मुलाला विचारून सांगते..." अगं, कुत्रं हाय का लॉटरी?

आणि मग शेवटच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ, फाटकात उभे, दाढी वाढलेली, मागं पिशव्यांचा हा ढीग! त्यांची बायको आतून ओरडतेय, "अहो व्यंकटराव, आता तरी टाका तो कचरा! घरात श्वास घेववत नाही!"

"नाही म्हणजे नाही, कालिंदी. ते त्यांचं काम आहे. ते आल्यावर टाकतील."

माझ्या मांडीवरचं कुत्रं थरथरायला लागलं. म्हाताऱ्यानं बघितलं, फाटक ढकलून बाहेर आले, आणि म्हणाले, "अहो भाऊसाहेब... कुठं होतात तुम्ही?"

अहो-जाहो! कुत्र्याला! आणि मी आपली अय येड्या, अय येड्या करत बसले, ते कान कशाला हलवंल?

मारली ना उडी! पण म्हाताऱ्याकडं नाय... आधी ढिगाकडं. एक पिशवी उचलली, गाडीत टाकली. दुसरी उचलली, टाकली. सगळा ढीग संपवला, आणि मग जे पडलं म्हाताऱ्याच्या अंगावर, दोघंबी गवतात लोळतायत! कडुबा रडतोय, बाया टाळ्या वाजवतायत, कालिंदीताई मला म्हणतात, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला एकदा अहो म्हणाले नाहीत हो!" हसू का रडू, मलाच कळंना.

तर झालं असं की कडुबाला तोंड हाय, गावभर सांगत सुटला. आता शहरात कुठं कुत्रं चुकलं की घंटागाडीत बसून थेट माझ्या दारात. "मावशी, चौकात बसलं होतं, कुणाचंय बघा." परवा तपकिरी, काल लंगडं, आज एक बिनशेपटीचं! मी म्हणते, मला काय करायचंय रं कुत्र्यांशी... आणि पायात चपला घालते. त्याच्या आधी नावं म्हणून बघायची. रावसाहेब, दादासाहेब, सगळ्यांना अहो म्हणून बघायचं, कुणाचं काय सांगावं!

मालक तेवढ्यात खाटेवरनं मान उचलून एवढंच विचारतात, "ह्यातलं कुणी कचरा टाकतं का गं?"

म्हणलं, नाय हो. ह्या घरात ते काम माझंच. झोपा तुम्ही.