मागचा प्ले विसरायचा

— नाही नाही, बूट राहू द्या पायात, फरशी गार आहे. बसा श्रीपादराव. खुर्चीवरचा तो ढीग खाली ठेवा, जुने कागद आहेत, टाकायचेच आहेत. विभावरी ऑफिसला गेलीय. तुम्ही येणार हे ठाऊक होतं तिला, मुद्दाम थांबली नाही — म्हणजे तसं नाही, मीटिंग आहे तिची. तर उद्याचं म्हणत होतात. उत्कर्षच्या आठवणीसाठी त्याच्या नावानं सामना ठेवलाय, चांगलं केलं पोरांनी, तुम्ही गेर्लिंगेनहून एवढ्या लांब बर्लिनला आलात तेही बरोबर, बापानं यायलाच हवं. पण माझं भाषण नको. कोच कुमार दोन शब्द बोलतील असं छापलंय का त्यांनी? छापू दे. मी वर्षभर त्या मैदानाकडे फिरकलेलो नाही.

शिकवायचो काय म्हणजे? खरंच की, तुम्हांला कुणी नीट सांगितलंच नसणार. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. त्यात माझ्याकडे सगळ्यांत मागे उभी राहणारी पोरं, डिफेन्सिव्ह बॅक्स म्हणतात. समोरचा भिडू बॉल झेलायला सुसाट सुटला की त्याच्याकडे तोंड ठेवून उलटं धावायचं. झेलू द्यायचा नाही, झेललाच तर पाडायचा. चुकलात तर तुमच्या मागे सावरायला कुणी नाही, आणि सगळं मैदान तुमच्याकडेच बघतं. म्हणून त्यांना धावण्याच्याही आधी एक गोष्ट शिकवायची — मागचा प्ले विसरायचा. प्ले म्हणजे एकेक चाल. झाला तो झाला, पुढच्याला उभं राहायचं. जो मागचं डोक्यात घेऊन उभा राहतो तो पुढेही मार खातो. चोवीस वर्षं मी हेच शिकवत आलो, पोरांना विसरायला. हसू नका. हसत नाही आहात, माहीत आहे मला.

मी मूळचा साताऱ्याचा. नव्वद साली एम.एस. करायला ओहायोत गेलो, तिथं कॉलेजात पार्टटाइम काम काय मिळालं, तर लोखंडी मचाणावर चढून सरावाचं शूटिंग करायचं. बर्फात. खालच्या एका म्हाताऱ्या कोचला माझं शूटिंग आवडलं, मग त्याच्याबरोबर बसून फिल्म बघायला लागलो, मग त्याचा असिस्टंट झालो, इंजिनिअरिंग राहिलं बाजूला. वडील वारले तेव्हा त्यांना वाटत होतं मी धरणं बांधतोय. पुढे मीच कोच झालो, पाच कॉलेजं, छोटी छोटी, नावं सांगून उपयोग नाही. त्या धंद्यात काय आहे, मुख्य कोचला काढला की त्याच्याबरोबर सगळ्यांना नारळ. दर तीन-चार वर्षांनी सामान बांधायचं. विभावरीनं किती घरं लावली असतील? मोजायचं सोडलं तिनं. शेवटी तिला बर्लिनला नोकरी लागली, दोन हजार दहा साली, ती म्हणाली आता माझी पाळी. आलो. बायकोच्या व्हिसावर आलेला चाळिशी उलटलेला माणूस, जर्मन येईना, इथल्या युनिव्हर्सिटीच्या पोरांना कोच हवा होता, बस. आणि एक लक्षात घ्या श्रीपादराव, एवढ्या वर्षांत मी एकदाही फायनलला पोचलो नव्हतो. एकदाही. हे मी का सांगतोय? काही नाही, असंच.

उत्कर्ष आला दोन हजार बाराला. यादीत नाव वाचलं आणि मला काय झालं सांगू — वीस-पंचवीस वर्षं ज्या धंद्यात मला कधी मराठी शब्द ऐकू आला नव्हता, तिथं हा. पहिल्या दिवसापासून मी त्याच्याशी मराठीत बोललो. कळायचं त्याला सगळं. उत्तर जर्मनमध्ये, हो म्हणायचं तरी ‘या’. मी म्हणायचो, पाय अलीकडे घे रे, तो म्हणायचा, या, कोच. मी म्हणायचो, जेवलास का, तो म्हणायचा, या या, पिझ्झा. चार वर्षं. माझा सगळ्यांत चांगला कॉर्नर, म्हणजे त्या मागच्या पोरांतला कडेचा, होता तो, भित्रा नव्हता, आणि विसरायचा पण पटकन. मला तो — जाऊ दे. मुलं नाहीत आम्हांला, तुम्हांला माहीत आहे ते.

घरीही तसंच का? हो, इथं जर्मनीत वाढलेल्या सगळ्या मुलांचं तेच. वहिनींना लागलं असेल ते, आईला लागतंच. नाही हो, असं नका म्हणू, एक शब्द आपला बोलला नाही असं नका म्हणू. बोलला. माझ्याशी बोलला एकदा. खरंच सांगतो, तुमच्या समाधानासाठी नाही, अगदी स्वच्छ मराठीत. मला काका म्हणाला. म्हणाला, विसरलो काका. आणि मग — आई आली का, असं विचारलं.

केव्हा म्हणजे? झाले की बरेच दिवस. नेमकं आठवत — उन्हाळ्यात. हो, मागच्याच उन्हाळ्यात. हो, मैदानावर. श्रीपादराव, तुम्ही त्या गोष्टीत शिरू नका, तो बोलला एवढं घेऊन जा ना घरी. वहिनींना सांगा, तुझी आठवण काढली होती त्यानं.

बरोबर आहे. वहिनी आलेल्या नव्हत्याच. कुठल्याच सामन्याला येत नव्हत्या, त्यांना बघवत नाही म्हणून. मग तो असं का विचारेल, बरोबर आहे तुमचं. तुम्ही इंजिनिअर, तुम्हांला दिसणारच.

सेमीफायनल होती, तीच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं एकाला पाडलं, डोकं खाली घालून, मी शंभरदा सांगितलंय तसं घालू नको म्हणून. उठला, पण उशिरा उठला. बाजूला आला. मी हेल्मेटची जाळी धरली आणि विचारलं, मागच्या प्लेला काय झालं रे? डोक्याला मार बसला की हे विचारायचंच असतं, आठवतंय का बघायला. तो म्हणाला, विसरलो काका. आता मला सांगा, चार वर्षं मीच त्याला विसर म्हणतोय — मी हसलो. पाठीवर थाप मारली. आणि मग तो म्हणाला, आई आली का. आणि मला, श्रीपादराव, तुम्ही काहीही म्हणा, मला आनंद झाला. पोरगं माझ्याशी मराठी बोललं. काका म्हणालं. डोळे भरून आले माझे, त्या गर्दीत. मी म्हटलं, येईल रे, येईल. बावीस वर्षांचा मुलगा आई आली का विचारतोय, आणि मी येईल म्हणतोय.

नाही, एवढंच नाही. थांबा. आता बोललोच आहे तर. रेडक्रॉसवाला पोरगा उभा होता शेजारी, सानिटेटर. त्यानं विचारलं, हा काय म्हणाला? मराठी त्याला कुठून कळणार, सबंध मैदानावर ते कळणारा मी एकटा. त्यानं मला विचारलं आणि मी म्हटलं, आल्लेस गूट. सगळं ठीक आहे म्हणतोय. माझा दुसरा कॉर्नर लंगडत होता, चार पॉइंटांनी आम्ही पुढे होतो, एकोणीस मिनिटं उरलेली, पाठवला त्याला परत आत. आनंद झाला हे खरं आहे. पण आनंदानं कुणी खोटं बोलत नाही, तेवढं मला तेव्हाही कळत होतं. माहीत होतं मला. पूर्ण नाही, पण माहीत होतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये तो पडला ती टक्कर अगदीच किरकोळ होती, तुम्हांला डॉक्टरांनीही तेच सांगितलं ना, एवढ्याशा धक्क्यानं असं होत नाही? होत नाही. आधी एक मार बसलेला असेल तर होतं. त्या आधीच्या माराचं कुणी तुम्हांला सांगितलं नाही, कारण मी कुणाला सांगितलं नाही. ते अकरा दिवस हॉस्पिटलात मी तुमच्या शेजारी बसलो होतो, तुम्ही मला सफरचंद कापून देत होतात, तेव्हाही नाही.

हो, जिंकलो. फायनल मी खेळवली नाही, घरी बसलो. त्यानं काय होतं?

आणि तुम्ही आत्ता दारात म्हणालात ना, की वहिनींच्या भावाला पण डोक्यातला रक्तस्राव झाला होता, म्हणून त्या वर्षभर स्वतःला दोष देतायत, ‘माझ्या माहेरचं रक्त’ म्हणून — ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर — तर काय, काय केलं असतं? काहीच नसतं केलं. बसलो असतो तोंड मिटून.

रेकॉर्डिंग आहे. माझा एक कॅमेरा बाकाजवळ तिवईवर असायचा, पोरांना काय सांगितलं ते मला नंतर ऐकायचं असतं. चौकशी झाली तेव्हा मी शेवटचा क्वार्टरच दिला. हा घ्या पेनड्राइव्ह, पूर्ण आहे यात. बेचाळिसाव्या मिनिटाला त्याचा आवाज आहे, अगदी स्पष्ट, लहानपणी बोलत असेल तसा. वहिनींना तेवढाच ऐकवा, आणि माझं आल्लेस गूट यायच्या आत बंद करा. मग सांगा त्यांना की त्यांच्या रक्ताचा काही दोष नव्हता. कुणाचा होता तेही सांगा. पुढचं सगळं ज्यांना द्यायचं त्यांना द्या, मी नाही म्हणणार नाही.

शिव्या द्या हवं तर. — उठलात? बरं. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जा. तिथला दिवा मध्येच विझतो, भिंतीला हात लावून चाला, प्रत्येक मजल्यावर बटण आहे.