अकरा पावलं कुणाची?

लकवा झालेला भाऊ आज पहिल्यांदा अकरा पावलं चालला. व्यायामकक्षाबाहेरच्या बाकावर त्याच्या दोघी बहिणींना आनंदानं धड बसवत नव्हतं. शेजारी थोरलीची मुलगी बसली होती. खिडकीमागची नोंदणीवाली लिहायचं थांबवून ऐकू लागली.

“मी पाय चोळते म्हणून चालला!”

“काहीतरीच, ताई! माझ्या गाण्यानं चालला.”

“तुझ्या गाण्यानं पळायला हवा होता!”

“तूच सांग गं भाचीबाई, तू संख्याशास्त्र शिकवतेस ना?”

“मावशी, मी मामाच्या चालण्याच्या रोजच्या नोंदी मांडून पाहिल्या. तुम्हा दोघींचा मिळून परिणाम पक्का दिसतो. पण आईचा किती नि तुझा किती, ते वेगळं निघत नाही.”

“का नाही?”

“तुम्ही कायम जोडीनंच येता! आकड्यांना कसं कळणार?”

“मग उपाय?”

“एक दिवस आईनं एकटीनं यायचं, एक दिवस तू.”

“आणि त्या दिवशी तो चाललाच नाही तर?”

“तर उत्तर मिळेल.”

“खड्ड्यात गेलं तुझं उत्तर! आम्ही दोघीही येणार.”

“आणि मी मोठ्यानं गाणार!”

“गा बाई, गा. तुला सगळं माफ.”

नोंदणीवालीनं हसू दाबलं आणि न विचारताच उद्याच्या पानावर दोघींना एकच वेळ लिहून टाकली.