अस्तराला गेलेला निरोप

सांधेदुखीच्या दवाखान्यात एक घड्याळजी आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. आखडलेली बोटं त्याने खिशात दडवली होती, कान मात्र मोकळेच होते. शेजारच्या बाकावर एक शिंपीणबाई आणि तिची लेक बसल्या होत्या.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, पुन्हा सांग बरं.”

“अगं आई, शरीर आपल्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप धाडत असतं. तुझ्या सांध्यांच्या अस्तराला तो जातच राहतो. थांबा म्हणणारं कुणी नाही.”

“अस्तर कापडापेक्षा मोठं झालं की झोळ येणारच. माझ्या अंगात हा अडाणी शिंपी कुठून शिरला गं?”

“गोळ्या त्यासाठीच आहेत ना.”

“गोळ्यांनी दुखणं उतरलं. पण हाताने एक काज करावंसं फार वाटतं. एकच. सुईत दोरा ओवायला कुणाला हाक न मारता.”

“मशीन करतं की काजं.”

“मशीनचं काज म्हणजे नुसतं भोक.”

घड्याळजीने खिशातल्या खिशात मूठ उघडून बघितली. ती अर्धीच उघडली.

“आणि तुझ्या रक्तात काय निघालं?”

“मलाही हे होण्याचा धोका थोडा जास्त आहे म्हणे. होईलच असं नाही.”

बाईने पिशवीत चाचपडून सुई रेटताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान काढलं.

“हे घे. माझ्या बोटात आता सुजलेल्या सांध्यापाशी अडतं. घालून बघ.”

“सैल होतंय गं. चिंधी घालून घट्ट बसवते.”

“नको. सैलच राहू दे.”